दार उघडं होतं ना, मग पळाला का नाही?

दुभाषी

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच. मी दुभाष्याचं काम करते, म्हणजे चौकशी, जबाब, लेबर खात्याची तपासणी असं काही असलं आणि समोरच्या माणसाला तिथली भाषा येत नसली की मला बोलावतात. कोणता देश, कोणतं ऑफिस ते लिहिणार नाही, आणि माणूस ओळखू येईल असे तपशील बदललेत, तेव्हा कृपया विचारू नका.

तर एका कारखान्यातल्या कामगाराचा जबाब चालू होता. चौदा महिने काम, पगार पहिले तीन महिने मिळाला मग 'पुढच्या महिन्यात देतो'. पासपोर्ट मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. यायच्या आधी एजंटला दिलेले पैसे व्याजाने काढलेले, आणि ते व्याज इकडे पगार नसला तरी तिकडे चालूच. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्हाला कोंडून ठेवलं होतं का? मी भाषांतर केलं. तो म्हणाला, नाही हो, दार उघडंच असायचं, रात्री हवा यावी म्हणून आम्हीच उघडं ठेवायचो. अधिकाऱ्याने कागदावर लिहिलं, 'कोंडलेले नव्हते'. आणि मग तो प्रश्न, जो मी शीर्षकात दिलाय.

मला तेव्हा बोलायची परवानगी नव्हती (दुभाष्याने मध्ये बोलायचं नसतं, तो नियम बरोबरच आहे) पण घरी येऊन रात्रभर वाचत बसले. १९३० चा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा) २९ नंबरचा करार आहे, त्यात सक्तीच्या मजुरीची व्याख्या आहे: कुठल्याही शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि माणसाने स्वतःहून न पत्करलेलं काम. त्यात कुलूप कुठेच नाही! धाक असा शब्द आहे. आणि आयएलओ तपासणीसाठी जी अकरा लक्षणं सांगतं त्यात कागदपत्रं काढून घेणं, पगार अडकवणं, कर्जात अडकवणं, फसवणूक ही सगळी आहेत. या माणसाच्या बाबतीत मी बसल्या बसल्या सहा मोजली.

दोन आठवड्यांनी त्याला तिकीट काढून घरी पाठवलं. फाईलवर शेरा 'सुटका व पाठवणी'. साक्षीदारच देशात नाही म्हटल्यावर केस बसली.

माझा प्रश्न एवढाच की इतके आंतरराष्ट्रीय करार आहेत, परिषदा होतात, तरी दोन देशांच्या मधल्या फटीत माणूस असा पडतो कसा? कुणाला यातलं माहीत असेल तर लिहा.

आडवाट

ताई धागा चांगला काढलात. तुमच्या दाराच्या मुद्द्यावर अगदी नेमका निकाल आहे. ग्रीसमध्ये मानोलादा नावाचं गाव, स्ट्रॉबेरीची शेती, बांगलादेशी मजूर. पगार थकले, मजुरांनी २०१३ च्या एप्रिलमध्ये एकत्र जाऊन मागितले तर मालकाच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, तीसेक माणसं जखमी झाली. तिथल्या कोर्टाने मानवी तस्करीच्या आरोपातून सोडलं, कारण काय तर मजूर हिंडायला फिरायला मोकळे होते. म्हणजे तुमच्या अधिकाऱ्याचंच लॉजिक. मग बेचाळीस मजूर युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २०१७ ला निकाल लागला की सुरुवातीला माणूस राजीखुशीने कामाला आला म्हणून नंतरचं काम सक्तीचं होत नाही असं नाही, आणि कोंडून ठेवलेलं असणं ही अट नाहीच. ग्रीसला भरपाई द्यावी लागली.

पण चार वर्षं गेली, आणि ते लोक तिथे टिकून होते म्हणून गेली. घरी पाठवले असते तर हा निकालच आला नसता.

प्रश्नचिन्ह

भाबडा प्रश्न. तस्करी म्हणजे सीमेपलीकडे चोरून नेणं ना? हा माणूस तर व्हिसावर गेला होता, मग तस्करी कशी?

आडवाट

@प्रश्नचिन्ह भाबडा नाहीये, अर्धी गडबड तिथेच होते. चोरून सीमा पार करून देणं हा वेगळा गुन्हा, तो देशाविरुद्धचा. तस्करी माणसाविरुद्धचा. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी दोन्हींसाठी वेगवेगळे प्रोटोकॉल (जोड करार) केले. तस्करीच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये तीन गोष्टी लागतात: कृती (भरती करणं, नेणं, ठेवून घेणं), साधन (जबरदस्ती, फसवणूक, असहायतेचा फायदा) आणि हेतू म्हणजे शोषण. मूल असेल तर साधन सिद्ध करायची गरज नाही. सीमा ओलांडलीच पाहिजे असं व्याख्येत नाही, आणि व्हिसा शंभर टक्के खरा असला तरी तस्करी होऊ शकते. उलट खरा व्हिसा असला की कुणी संशयच घेत नाही.

कागदी_वाघ

सगळं ऐकून मला हसू येतं. १९३० चा करार म्हणे. जवळपास शंभर वर्षं झाली की. करार सह्या करायला असतात, नंतर त्याचे फोटो काढायला असतात. आयएलओला दात नाहीत, हे त्यांच्याच इतिहासावरून दिसतं. आयएलओच्या घटनेत कलम ३३ आहे, ऐकत नसलेल्या देशावर कारवाईची शिफारस करायचं. संस्था स्थापन झाली १९१९ ला, ते कलम पहिल्यांदा वापरलं २००० साली, म्यानमारवर, लष्कर गावकऱ्यांना वेठीला धरून सामान वाहायला नि रस्ते बांधायला लावत होतं म्हणून. एक्क्याऐंशी वर्षं! आणि २०२५ ला पुन्हा त्याच म्यानमारवर तेच कलम लावावं लागलं. घ्या.

सावकाश

कागदी_वाघ यांच्याशी अर्धा सहमत. पण वेठ सरकारच घेत असेल तरी ती मोडता येते, उझबेकिस्तान बघा. तिथे कापूस वेचायला दरवर्षी शाळेतली पोरं, पुढे पोरांवरून ओरडा झाल्यावर शिक्षक, डॉक्टर, नर्सा, सरकारी कारकून यांना शेतात पाठवायचे. नकार दिला तर नोकरी गेली किंवा बदली माणूस स्वतःच्या पैशाने द्या. कामगार संघटना, मानवी हक्कवाले आणि कंपन्या यांनी मिळून कॉटन कॅम्पेन चालवलं, तीनशेच्या वर ब्रँडनी लिहून दिलं की उझबेक कापूस घेणार नाही. दुसऱ्या बाजूने जागतिक बँकेचं कर्ज हवं तर आयएलओला वेचणीवर नजर ठेवू द्या अशी अट आली. आणि आत स्वतःचा जीव धोक्यात घालून फोटो काढणारे, नोंदी ठेवणारे तिथलेच लोक होते, त्यांना अटका झाल्या, तरी ते थांबले नाहीत. २०१६ ला राज्यकर्ते बदलले, मग हळूहळू सुटत गेलं, २०२१ च्या हंगामात पद्धतशीर सक्ती दिसली नाही असं आयएलओने सांगितलं आणि मार्च २०२२ ला बहिष्कार उठवला.

इथे नुसत्या कराराने झालं नाही आणि नुसत्या बहिष्काराने पण झालं नसतं. चार बाजूंनी दाबलं आणि आतले लोक खमके होते.

खट्याळ_खारुताई

वाचनखूण साठवली. बाकीचं रात्री वाचते.

नांगर_टाकलेला

जहाजावर होतो बरीच वर्षं, म्हणून मासेमारी बोटींबद्दल लिहितो, व्यापारी जहाजांची गोष्ट वेगळी, तिथे निदान २००६ चा सागरी श्रम करार आहे आणि बंदरात तपासणी होते. मासेमारी बोट महिनोन्महिने बंदरालाच लागत नाही, डिझेल आणि रसद दुसरं जहाज समुद्रातच देतं आणि मासळी पण तेच घेऊन जातं. त्यामुळे माणूस पळणार कुठे, पोहून? आणि खोल समुद्रात कायदा कुणाचा तर बोटीवर ज्या देशाचा झेंडा त्याचा. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्या चौथ्याचे, मासे विकले पाचव्यात. तक्रार करायची तर करायची कुणाकडे?

२०१५ ला एपी या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना बेटावर पिंजऱ्यात ठेवलेले मच्छीमार शोधले, बहुतेक म्यानमारचे, थाई बोटींवर काम करणारे. त्या बातमीनंतर दोन हजारांच्या वर माणसं सुटली. बातमीदारांनी ती मासळी उपग्रहावरून जहाजाचा माग काढत थेट अमेरिकेतल्या दुकानांपर्यंत नेऊन दाखवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपियन युनियनने थायलंडला 'पिवळं कार्ड' दिलं, सुधारा नाहीतर मासळी घेणं बंद. गंमत म्हणजे ते कार्ड कागदावर बेकायदा मासेमारीबद्दल होतं, मजुरांबद्दल नाही. पण बोटींची नोंदणी, बंदरात जाता येता तपासणी, खलाशांची यादी हे सगळं करायला लागलं आणि त्यात मजूर पण मोजले जायला लागले. जानेवारी २०१९ ला कार्ड उठलं, त्याच महिन्यात थायलंडने मासेमारी कामाचा १८८ नंबरचा आयएलओ करार मान्य केला, आशियात पहिला देश.

सगळं गोडगोड झालं असं मी म्हणत नाही. पण मासे मोजायला लागले तेव्हा माणसं सापडली, हे डोक्यात राहिलंय.

कागदी_वाघ

म्हणजे माशांची किंमत माणसांपेक्षा जास्त. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

नांगर_टाकलेला

असेल. माणूस सुटला ना? मला तेवढं पुरतं.

हिशोबनीस

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून. २०२४ मध्ये आयएलओने हिशोब मांडला की सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलर बेकायदा नफा होतो. त्यातला १७३ अब्ज लैंगिक शोषणातला. म्हणजे पीडितांच्या संख्येने ते क्षेत्र साधारण पाव भाग पण नफ्यात जवळजवळ तीन चतुर्थांश. एकूण माणसं २०२१ च्या अंदाजाने २ कोटी ७६ लाख, त्यातले ३९ लाख सरकारांनीच राबवलेले, बाकी खासगी. आणि परदेशी गेलेला कामगार सक्तीच्या मजुरीत असण्याची शक्यता स्थानिकाच्या तिपटीहून जास्त.

माझं मत असं की हा धंदा आहे, आणि धंद्याच्या मुळावर घाव घालायचा तर भरतीची फी बघा. धागाकर्तीच्या कामगाराला कुलूप नव्हतं, व्याज होतं. त्याच्या देशात घेतलेली एजंट फी हेच त्याचं कुलूप, आणि ते ज्या देशात लावलं गेलं त्या देशात तो राबलाच नाही, म्हणून दोघांनाही आपला गुन्हा दिसत नाही. मलेशियात रबरी हातमोजे बनवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा माल अमेरिकेने जुलै २०२० मध्ये अडवला, ऐन कोविडमध्ये जेव्हा हातमोजे सोन्याच्या भावाने जात होते. अडवायचं मुख्य कारण कर्जात अडकलेले परदेशी कामगार. कंपनीने मग कामगारांना त्यांनी एजंटांना भरलेली फी परत केली, कोट्यवधी डॉलर, आणि सप्टेंबर २०२१ ला बंदी उठली. ज्या कायद्याखाली अडवलं तो पण १९३० चाच आहे बरं का वाघसाहेब, त्यात एक पळवाट होती की देशात तुटवडा असलेला माल असेल तर चालेल, ती २०१६ ला बुजवली, तेव्हापासून हा कायदा खऱ्या अर्थाने कामाला लागला.

जुना कागद म्हणून फेकून देऊ नये असं माझं म्हणणं.

मुक्ताफळ

अमेरिकेचं कौतुक पुरे. मानवी तस्करी कोण किती रोखतं यावर दरवर्षी सगळ्या जगाला मार्क वाटतात, टियर वन टियर टू, आणि मित्रदेश नापास होईल असं दिसलं की गुण वाढतात. आणि २०२५ मध्ये त्यांच्याच श्रम खात्याने बाहेरच्या देशांतले बालमजुरी आणि वेठबिगारीविरुद्धचे प्रकल्प एका फटक्यात बंद केले. एका देशाच्या मर्जीवर असलं काम चालवणं म्हणजे काय ते कळलं तेव्हा.

हिशोबनीस

यावर वाद नाही. म्हणून तर युरोपचा कायदा महत्त्वाचा, सक्तीच्या मजुरीचा माल बाजारात आणायलाच बंदी, २०२४ ला मंजूर झाला, डिसेंबर २०२७ पासून लागू. एका देशाने दार बंद केलं तर माल शेजाऱ्याकडे जातो. मोठे बाजार एकत्र बंद झाले तरच उपयोग.

अंगणवेल

मला वेगळी भीती वाटते. माल अडवला, कारखाना बंद पडला, तर त्या कामगाराचं काय? कर्ज तर तसंच आहे ना त्याच्या डोक्यावर. बंदी घालणाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं. बंदीसोबत फी परत, थकलेला पगार परत ही अट असेल तर ठीक, हातमोज्यांच्या बाबतीत ती होती म्हणून बरं झालं. नसेल तर शिक्षा मजुरालाच.

नवा_भिडू

स्कॅम सेंटरबद्दल (ऑनलाइन फसवणुकीचे अड्डे) कुणी काही लिहीत नाहीये का? तुम्हाला तो गुंतवणुकीचा, प्रेमाचा मेसेज करणारा असतो ना तो कधी कधी स्वतःच डांबलेला असतो. कम्प्युटर येणारी, इंग्रजी बोलणारी पोरं, डेटा एंट्रीची नोकरी म्हणून विमानाने थायलंडला येतात आणि तिथून नदीपलीकडे म्यानमारमध्ये. टार्गेट पूर्ण नाही झालं तर मारहाण, विजेचे झटके. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ ला अंदाज दिला, म्यानमारमध्ये निदान १ लाख २० हजार आणि कंबोडियात साधारण १ लाख माणसं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने सीमेपलीकडची वीज, इंटरनेट, इंधन तोडलं, मग म्यानमारच्या म्यावाडी भागातून सातेक हजार लोक बाहेर काढले गेले. आणि बाहेर काढून काय, सीमेवरच्या छावणीत आठवडे काढले कारण आपापल्या वकिलातींनी न्यायला यायला वेळ लावला. शिवाय घरी गेल्यावर हा पीडित की आरोपी हे ठरवायचं. त्याने खरंच लोकांना फसवलेलं असतं ना, जबरदस्तीने का होईना.

आडवाट

@नवा_भिडू त्यासाठी 'शिक्षा नको' असं तत्त्व आहे, पीडिताला भाग पाडलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा करू नये. युरोप परिषदेच्या २००५ च्या करारात ते स्पष्ट आहे, आयएलओच्या २०१४ च्या प्रोटोकॉलमध्ये पण. त्याच युरोपच्या करारात अजून एक आहे जे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं: संशयित पीडिताला किमान ३० दिवस सावरायला आणि विचार करायला द्यायचे, तोपर्यंत हाकलायचं नाही.

आता पालेर्मोची भाषा बघा. कलम ८, पीडिताच्या देशाने त्याला परत घ्यावं, कागदपत्रं द्यावीत, विनाकारण उशीर नको. हे सगळं बंधनकारक. कलम ७, पीडिताला तिथे राहू द्यावं का? तर देशाने 'विचार करावा'. फक्त विचार! मायदेशाने परत घेणं हे कर्तव्य आणि तिथे ठेवून घेणं हा विचार. दोन्हीकडच्या सरकारांना सोयीचं तेच कर्तव्य झालं. ताई, तुमच्या फाईलवरचा 'सुटका व पाठवणी' हा शेरा तिथून येतो.

दुभाषी

आडवाट, हे मला कुणी कधी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. धन्यवाद. मी त्या दिवशी अधिकाऱ्याला मनात शिव्या दिल्या, पण तो माणूस वाईट नव्हता, त्याच्यासमोरच्या फॉर्मवर तोच प्रश्न छापलेला होता.

सावकाश

युरोपच्याच न्यायालयाचा अजून एक निकाल, जानेवारी २०१० चा. रशियातली एक तरुण मुलगी सायप्रसला 'कलाकार' व्हिसावर कॅबरेत गेली, पळाली, मालकाने पकडून पोलिसात नेली, पोलिसांनी तिला मालकाच्याच हवाली केलं, आणि काही तासांत तिचा मृत्यू. वडील लढले. कोर्टाने सायप्रसला दोषी धरलंच, पण रशियाला पण, कारण तिची भरती रशियात कशी नि कुणी केली याचा तपासच रशियाने केला नव्हता. जिथून नेलं, जिथून गेलं, जिथे पोचलं त्या सगळ्या देशांनी तपास करायचा आणि एकमेकांना मदत करायची, हे त्यात लिहून ठेवलंय.

अंगणवेल

फटीचं उत्तर हवं असेल तर फिलिपिन्सचं मॉडेल बघा. १९९५ पासून त्यांचा कायदा आहे की परदेशातल्या मालकाने पगार बुडवला तर मनिलातली भरती एजन्सी पण तेवढीच जबाबदार, दोघांकडून किंवा एकाकडून पूर्ण वसूल. एजन्सीला लायसन्ससाठी पैसे ठेवूनच द्यावे लागतात. म्हणजे कामगार घरी परत आला तरी त्याचा दावा मेला नाही, तो स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या देशात भांडू शकतो. पाळलं किती जातं तो वेगळा विषय, पण रचना बरोबर आहे. एजंटला उद्या आपल्या खिशातून द्यावं लागणार म्हटल्यावर तो मालक निवडताना दोनदा बघतो.

हिशोबनीस

+१००. यात परिषद नको, फोटो नको.

कागदी_वाघ

हे मात्र पटलं. पटलं असं मी महिन्यातून एकदा लिहितो, नोंद घ्यावी.

प्रश्नचिन्ह

दुभाषी ताई, त्या माणसाचं पुढे काय झालं ते कळलं का? पगार मिळाला?

दुभाषी

पगार नाही मिळाला.

केस पुन्हा उघडली मात्र, दुसऱ्या दोघांनी तक्रार केली म्हणून. दुसऱ्या देशाकडून कायदेशीर मदत मागायची एक पद्धत असते, त्यात त्याचा जबाब त्याच्या देशात घ्यावा अशी विनंती करायची ठरली. ती विनंती एका मंत्रालयातून दुसऱ्या, तिथून परराष्ट्र, तिथून पलीकडचं परराष्ट्र, मग त्यांचं गृह, मग जिल्हा, असा प्रवास. एकदा परत आली कारण नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि जबाबावर एक. जबाबावरचं मीच सांगितलेलं होतं, उच्चाराप्रमाणे, तेव्हा पासपोर्ट कुठे होता समोर बघायला.

गेल्या महिन्यात प्रश्नावली भाषांतराला माझ्याकडेच आली. सत्तेचाळीस प्रश्न. एजंटचं नाव काय, फी किती दिली, पावती आहे का, हे सगळं बेचाळीसच्या पुढे आहे. पहिला प्रश्न, 'आपणास कोंडून ठेवण्यात आले होते काय?'

प्रश्नचिन्ह

आणि उत्तर?

दुभाषी

अजून आलेलं नाही.